आधी पँट बदला: पुण्यात दोन-तीन हजारांत मोसमाचं कपाट ताजं करण्याची रीत

रोजच्या कपड्यांत गेल्या पाच-सहा वर्षांत जो मोठा फरक पडला, तो कमरेखाली पडला. लेगिंग आणि चुडीदार मागे पडले, स्किनी जीन्स कॉलेजच्या मुलांनी टाकूनच दिली, आणि त्यांच्या जागी स्ट्रेट पँट, वाइड लेग, बॅगी जीन्स, सलवारींचे नाना प्रकार आले. वरचे कुर्ते, टॉप, शर्ट त्या मानाने फारसे बदलले नाहीत. म्हणून कमी पैशांत कपाट ताजं करायचं असेल तर पहिला पैसा खालच्या कपड्यावर घाला. नीट बेतलेल्या एका पँटवर चार-पाच जुने कुर्ते नव्यासारखे दिसतात. उलट नवाकोरा कुर्ता जुन्या लेगिंगवर घातला की तोही जुनाच वाटतो.

पुण्यात शिकायला किंवा नोकरीला नव्याने आलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढच्या पायऱ्या दिल्या आहेत. एका मोसमाला दोन ते तीन हजार रुपये एवढंच बजेट धरलं आहे. भाव साधारण समजा. पेठेतला शिंपी आणि बाणेरमधलं बुटीक यांच्या शिलाईत सहज दुपटीचा फरक असतो.

पहिली पायरी: कपाट पलंगावर

बाजारात जाण्याआधी सगळे कपडे बाहेर काढा आणि चार ढीग करा. नेहमी घातले जाणारे. आवडतात पण घातले जात नाहीत असे. अंगाला होत नाहीत असे. आणि विटलेले, फाटलेले, गोळे आलेले. पैसे वाचतात ते दुसऱ्या ढिगात. त्यातला एकेक कपडा हातात घेऊन तो का घातला जात नाही, ते कागदावर लिहा. कारणं ठरलेलीच निघतात: खाली घालायला काही नाही, लांबी जुनी वाटते, दंडात घट्ट आहे, इस्त्री फार लागते, अंगाला चिकटतो. पहिल्या दोन कारणांवर शंभर-सातशे रुपयांत उपाय निघतो. दंडात घट्ट असेल तर बाही उलटून आत माया, म्हणजे शिलाईपलीकडे सोडलेलं जादा कापड, किती आहे ते बघा. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच असेल तर बाही सैल होते. ओव्हरलॉकची, म्हणजे धागे निघू नयेत म्हणून कापडाच्या कडेला घातलेली टीप शिलाईला चिकटून असेल तर कापडच शिल्लक नाही, शिंपी काही करू शकत नाही. अंगाला चिकटणारा कपडा बहुधा पॉलिएस्टरचा असतो. तो टाकू नका, लवकर वाळतो म्हणून पावसाळ्यासाठी बाजूला ठेवा.

आता मोजा. बहुतेक कपाटांत वरचे कपडे चौदा-पंधरा आणि खालचे चार निघतात, त्यातही दोन काळ्या लेगिंग. तीन वरच्या कपड्यांना एक खालचा हे प्रमाण रोजच्या वापराला पुरतं, पण ते चारही वेगवेगळ्या रंगांचे हवेत. ऑफ-व्हाइट, काळा, डेनिमचा निळा आणि एखादा तपकिरी किंवा ऑलिव्ह, एवढ्यात निम्म्याहून जास्त कुर्ते बसतात.

तपकिरीची शिफारस उगाच नाही. पॅन्टोन ही अमेरिकन कंपनी २००० पासून दर वर्षाचा एक रंग जाहीर करते, आणि २०२५ साठी तिने मोका मूस म्हणजे दुधाळ कॉफीसारखा तपकिरी निवडला. असे रंग वर्षभरात दुकानांतून उतरत उतरत रस्त्यावरच्या स्टॉलपर्यंत येतात. बरेचसे येतात आणि जातात, पण हा रंग टिकाऊ आहे, कारण आपल्याकडच्या मोहरी, मरून, मोरपंखी, बाटली हिरवा या रंगांखाली तो मुकाट बसतो. काळ्यासारखा लगेच विटत नाही आणि पांढऱ्यासारखा चिखलाला भीतही नाही.

दुसरी पायरी: पुण्याचं हवामान लक्षात घ्या

मासिकांतले 'समर' आणि 'विंटर' इथे तसेच लागू पडत नाहीत. मार्च ते मे कोरडं ऊन असतं. घाम येतो तसा वाळतो, म्हणून मलमल, खादी, लिनन, सुती हातमाग हे सगळं चालतं. जून ते सप्टेंबर मुसळधार पावसापेक्षा भुरभुर आणि दमटपणा जास्त. प्रश्न भिजण्याचा कमी आणि वाळण्याचा जास्त असतो. जाड डेनिम गॅलरीत दोन-तीन दिवस ओली राहते आणि मग तिला जो कुबट वास येतो तो एका धुण्यात जात नाही. मग ऑक्टोबरचं ऊन. त्यानंतर फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत पुणेरी थंडी, म्हणजे सकाळी सातला बारा अंश आणि दुपारी दोनला तीस. जाड स्वेटर इथे दोन तासच कामाला येतो. एकावर एक घालून दुपारी काढून बॅगेत टाकता येतील असे पातळ कपडे लागतात.

या सगळ्याचा खरेदीशी थेट संबंध आहे. उन्हाळी सुती माल फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्ण भावात येतो आणि जून-जुलैत सेलला निघतो. आषाढात लग्नकार्यं नसतात, गिऱ्हाईक कमी असतं, म्हणून आपल्याकडे आषाढ सेलच लागतात. तिथे अर्ध्या किमतीत घेतलेला सुती कुर्ता तीन महिन्यांत ऑक्टोबर हीटला अंगावर येतो, वर्षभर थांबावं लागत नाही. जानेवारीच्या सेलमधल्या जॅकेटचं मात्र उलट आहे. ते घेईपर्यंत थंडी दोन-तीन आठवडेच उरलेली असते, म्हणून तिथे फक्त साधं, पुढच्या वर्षी जुनं वाटणार नाही असंच घ्या. खादीवर सूट हवी असेल तर २ ऑक्टोबरपर्यंत थांबा. गांधी जयंतीपासून खादी भांडारांत सवलत सुरू होण्याची रीत जुनी आहे.

आणि दुचाकी. पुण्यात कपडे निवडताना ती विसरून चालत नाही. घोट्याशी ११ इंचांहून रुंद मोहरीची (पँटचं खालचं तोंड, सपाट मोजलेलं) पँट स्कूटरवर फडफडते, बाइकवर चेनचं काळं ग्रीस पकडते आणि पावसात मागच्या चाकाचे शिंतोडे गुडघ्यापर्यंत घेते. रोज गाडी चालवणाऱ्यांनी वाइड लेगऐवजी ८ ते ९ इंच मोहरीची स्ट्रेट पँट घ्यावी. पलाझो आणि फरशी सलवार (जमिनीला टेकणारी घेरदार सलवार) बसने किंवा मेट्रोने जायच्या दिवशी, नाहीतर समारंभाला. ओढणी सोडून गाडीवर बसू नका, हे सांगायला नको.

याच दुचाकीमुळे एक फायदाही होतो. स्कार्फ आणि सनकोट या दोन गोष्टी पुण्यात मार्चपासून रोज अंगावर असतात, पण त्या कोणी कपड्यांत धरत नाही. मोसमाचा एखादा धीट रंग, लव्हेंडर म्हणा, बटर यलो म्हणा, वापरून बघायचा असेल तर तो स्कार्फमध्ये आणा. दीडशे-दोनशे रुपयांत हौस भागते. सुती, १८० बाय ७० सेंटीमीटरच्या आसपासचा घ्या. यापेक्षा लहान असला तर चेहऱ्याभोवती बांधून मागे गाठ बसत नाही.

तिसरी पायरी: कापड ओळखायला शिका

फसवणूक इथे होते. स्टॉलवर 'प्युअर कॉटन' म्हणून विकलं जाणारं बरंचसं कापड रेयॉन किंवा पॉलिएस्टर मिसळलेलं असतं. दुकानात करायची परीक्षा सोपी आहे. कापडाचा कोपरा मुठीत दहा सेकंद आवळून सोडा. सुती कापडावर ठळक चुण्या राहतात, पॉलिएस्टर जवळजवळ तसंच सरळ होतं, रेयॉनवर चुण्या पडतात पण कापड हाताला थंड आणि लोंबतं लागतं. घरी आणल्यावर खात्री करायची असेल तर आतल्या शिलाईतून दोन धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि पाण्याच्या ताटलीवर पेटवा. कागद जळल्याचा वास आणि बोटाने चुरगळणारी राखाडी राख असेल तर सुती किंवा रेयॉन. वितळून कडक काळा मणी झाला तर पॉलिएस्टर. केस जळल्याचा वास आला तर रेशीम किंवा लोकर.

रेयॉन वाईट नाही. त्याची पडण मऊ असते, रंग छान चढतो, स्वस्तही असतं. पण ओलं झालं की त्याचा धागा बराच कमजोर होतो, म्हणून पिळलं की बगलेपाशी शिलाई सुटते आणि पहिल्याच धुण्यात दीड-दोन इंच आखडतं. रेयॉनचा तयार कुर्ता घ्यायचा तर हव्या त्या लांबीपेक्षा दोन इंच लांब घ्या, धुतल्यावर पिळू नका, पाणी निथळून सावलीत आडवा वाळवा.

सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, न पिळता वाळवा, इस्त्री करा आणि मगच शिंप्याकडे न्या. सुती कापड तीन ते पाच टक्के आटतं. अडीच मीटरला पाच टक्के म्हणजे साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे जवळपास पाच इंच. भिजवायचा कंटाळा केला तर कुर्ता आखूड होतोच, शिवाय आतलं अस्तर वेगळ्या प्रमाणात आटून शिलाईच्या कडेने कापड गोळा होतं. मग तो कपडा कितीही इस्त्री केला तरी सरळ पडत नाही.

अजरख, कलमकारी, बगरू असे छापील प्रकार आणि गडद इंडिगो घेताना पांढरा रुमाल ओला करून कापडावर पाच-सहा वेळा घासा. थोडा रंग उतरणं साहजिक आहे. रुमाल गडद झाला तर ते कापड कायम वेगळं धुवावं लागणार, हे धरूनच घ्या. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात; मीठ रंगवण्याच्या वेळी रंग चढायला मदत करतं, पण उतरणारा रंग नंतर रोखत नाही. पहिली तीन-चार धुणी गार पाण्यात, वेगळी आणि पटकन, एवढाच खरा उपाय.

चौथी पायरी: कुठे काय घ्यायचं

लक्ष्मी रस्त्यावर आणि आसपासच्या गल्ल्यांत मीटरने कापड, साड्या, कटपीस. कटपीसच्या ढिगात एक-सव्वा मीटरचे उत्तम तुकडे निघतात. त्यात ब्लाउज, छोटी कुर्ती किंवा बिनबाह्यांचं जॅकेट होतं, पण पँट होत नाही. तुळशीबाग कानातली, ओढण्या, पिशव्या, पिना यांसाठी. रविवार पेठेत बोहरी आळीच्या भागात लेस, बटणं, गोंडे होलसेल भावाने मिळतात. काही दुकानांत लेसचा अख्खा रोलच घ्यावा लागतो, म्हणून दोघी-तिघींनी मिळून जावं. एफ. सी. रोड आणि डेक्कनची हाँगकाँग लेन कॉलेजवाल्यांची, नवीन फॅशन रस्त्यावर आधी दिसते ती इथे. कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर जीन्स, जॅकेट, शर्ट, बूट. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात कधी चांगलं डेनिम जॅकेट हाती लागतं. आणल्यावर गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवायचं. डिसेंबरात भीमथडी जत्रेत हातमागाचे आणि बचत गटांचे स्टॉल असतात, तिथे भाव करू नये असं आमचं मत.

स्टॉलवर भाव करायचा तर सकाळी भवानीच्या वेळी जा. गर्दी नसते, कपडा उलटून बघू देतात आणि पहिलं गिऱ्हाईक सोडायला दुकानदार तयार नसतो. शनिवारी संध्याकाळी तुळशीबागेत फक्त धक्के मिळतात.

बहुतेक स्टॉलवर ट्रायल रूम नसते. कंबर बसेल का ते कळायला कमरपट्टा मानेभोवती गुंडाळून बघायची युक्ती इलॅस्टिकच्या पँटला लागू पडत नाही, आणि मांडीचा अंदाज तर तिने येतच नाही. त्यापेक्षा घरी तुम्हाला सगळ्यात नीट बसणारी पँट जमिनीवर सपाट पसरा आणि पाच मापं फोनमध्ये लिहून ठेवा: कंबर, सीटचा सगळ्यात रुंद भाग, पुढचं आसन म्हणजे कमरपट्ट्याच्या वरच्या कडेपासून पायांच्या जोडापर्यंत, मांडी जोडाच्या एक इंच खाली, आणि आतून पायाची लांबी. बॅगेत टेप ठेवा. स्टॉलवरची पँट त्याच पद्धतीने सपाट मोजा. आसन एक इंचाने जरी कमी पडलं तर पँट बसताना काचते, आणि आसन शिंप्याला वाढवता येत नाही. कंबर दीड-दोन इंच जास्त असली तर बिनधास्त घ्या, ती आत घेता येते.

'एक्स्पोर्ट सरप्लस', म्हणजे निर्यातीतून उरलेला, म्हणून लेबल कापलेला माल बघताना उजेडात या. दोष ठरावीक जागी असतात: दोन बाह्यांच्या रंगात फरक, कॉलरची टोकं वेगवेगळ्या लांबीची, चेन मध्येच अडकणारी, बगलेत टीप सुटलेली. शिलाईच्या दोन बाजू हलक्या हाताने ओढा. फटीतून उजेड दिसला तर टाके विरळ आहेत. सैल बटण हा दोष नाही, ती पाच मिनिटांची सुई आहे. डाव्या-उजव्या पायाच्या रंगातला फरक मात्र काही केल्या जात नाही.

मॉलमध्ये किंमत बघताना एक ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर जीएसटी ५ टक्के आहे, त्यापुढच्यावर १८ टक्के. आणि लेबलवर छापलेल्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. बिलाच्या वेळी एमआरपीवर आणखी कर लावला जात असेल तर तिथेच विचारा.

पाचवी पायरी: शिंपी

स्ट्रेट पँट तयार साडेतीनशे-पाचशेला मिळते, शिवून सहाशे-सातशेला पडते. तरीही निदान एक तरी शिवून घ्या, कारण तयार पँटला खिसे नसतात किंवा असले तर त्यात रुमालसुद्धा मावत नाही. ४४ इंची पन्ह्यात (पन्हा म्हणजे कापडाची रुंदी) मध्यम उंचीला सव्वादोन मीटर कापड, ५८ इंची पन्ह्यात दीड मीटर. पलाझोला ४४ इंचीत अडीच ते तीन मीटर, फरशी सलवारीला साडेतीन-चार. पन्हा न विचारता 'पँटपीस द्या' म्हटलं की कापड कमी तरी पडतं नाहीतर वाया तरी जातं.

शिंप्याला सांगताना 'फिटिंग चांगलं करा' एवढं पुरत नाही. असं सांगा: पुढे सपाट पट्टी, मागे दीड इंची इलॅस्टिक, दोन्ही बाजूंना खिसे, तोंड ६ इंच, खोली १० इंच, मोहरी साडेआठ इंच, खाली दोन इंच दुमडून तुरपाई. दुमड जास्त ठेवण्याचं कारण उघड आहे, पुढे लांबी वाढवायची झाली तर कापड असावं. खिसा उथळ असला की बसल्यावर फोन सरकून बाहेर येतो, म्हणून खोलीचा आकडा तोंडाने सांगा आणि मापाच्या चिठ्ठीवर लिहून घ्या. माप देताना रोजची चप्पल किंवा बूट पायात हवेत. पँटची कड जमिनीपासून एक-दीड सेंटीमीटर वर राहिली पाहिजे, पावसाळ्यासाठी शिवत असाल तर घोट्याच्या वर.

जुना पायघोळ कुर्ता आखूड करून घेणं हे शंभर रुपयांतलं सगळ्यात दिसणारं काम आहे. सध्या २८ ते ३२ इंची कुर्ती सैल पँटवर चालते. पण आधी तीन गोष्टी तपासा. कुर्ता दोनदा तरी धुतलेला असावा, नाहीतर कापल्यावर आटतो. बाजूचा कट कुठून सुरू होतो ते खांद्यापासून मोजा. तो २२ इंचांवर असेल आणि कुर्ती ३० इंचांची करायची असेल तर आठ इंचांचा कट उरतो, ते ठीक. पण कट २७ इंचांवर सुरू होत असेल तर उरलेले तीन इंच विचित्र दिसतात, कट बंद करून घ्या किंवा वर वाढवा. तिसरं, ए-लाइन कुर्ता वर अरुंद असतो. जिथे कापणार त्या ठिकाणी घेर मोजा. तो सीटच्या मापापेक्षा किमान तीन इंच जास्त नसेल तर बसताना कुर्ती वर चढते. खाली काठ असेल तर तो कापायच्या आधी उसवून घ्या आणि नव्या कडेला परत लावा. शिंप्याला हे आधी सांगितलं नाही तर काठासकट तुकडा टोपलीत जातो.

लेस लावायची असेल तर मोजून घ्या. समोर-मागे २४ इंच घेर म्हणजे ४८, दोन्ही कटांच्या चार कडा प्रत्येकी ८ म्हणजे ३२, दोन बाह्या १२-१२ म्हणजे २४. एकूण १०४ इंच, म्हणजे २.६४ मीटर. कोपऱ्यांवर दुमडायला धरून ३ मीटर घ्या. सुती लेस कापडासारखीच भिजवून, वाळवून लावा. न भिजवता लावली की पहिल्या धुण्यात लेस आखडते आणि कुर्त्याची कड पापडासारखी वळते.

विटलेला सुती कुर्ता रंगाऱ्याकडून गडद रंगात रंगवून घेता येतो. सुती, रेयॉन, रेशीम रंग घेतं. पॉलिएस्टर घरगुती किंवा साध्या रंगात रंगत नाही. बहुतेक शिलाईचा दोराही पॉलिएस्टरचा असतो, त्यामुळे फिकट गुलाबी कुर्ता काळा केला की टाके गुलाबीच राहतात. कोणाला ते आवडतं. नको असेल तर मूळ रंगाच्या जवळचाच गडद रंग निवडा.

स्किनी जीन्स सैल होत नाही. आत माया नसते. बाजूच्या शिलाईत दुसऱ्या जीन्सची पट्टी घालून ती रुंद करतात, पण काम नीट झालं नाही तर पट्टी गुडघ्यापाशी फुगते. ज्या शिंप्याकडे डेनिमला चालणारं जाड सुईचं मशीन आहे त्याच्याकडेच द्या.

शेवटचं वेळापत्रकाचं. गणपतीच्या आणि दिवाळीच्या आधी तीन आठवडे शिंपी नवीन काम घेणं बंद करतात, घेतलं तरी वेळेवर देत नाहीत. सणाचं कापड महिनाभर आधी टाका, अल्टरची कामं फेब्रुवारी आणि जुलैत काढा.

पुरुषांसाठी थोडक्यात

नियम तोच, खालून सुरुवात. टाइट चिनोऐवजी पुढे एक-दोन चुण्या असलेली सरळ पँट. रेडिमेड महाग वाटली तर पँट शिवणारे जुने टेलर पेठांत अजून आहेत, ५८ इंची पन्ह्यात सव्वा मीटरमध्ये पँट होते. वरती सपाट, उघड्या कॉलरचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट सैलसर. ३६ इंची पन्ह्यात सव्वादोन मीटर, ५८ इंचीत १.६ मीटर. अजरख किंवा इकतचा एकच पुरतो. ऑफिसचे जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट कोपरात किंवा मनगटाशी झिजले असतील तर अर्ध्या बाह्या करून घ्या आणि बटणं उघडी ठेवून टीशर्टवर घाला. थंडीतला वरचा थर झाला, आणि हिंजवडीच्या एसीतही कामाला येतो.

तीन हजारांची वाटणी

शिवलेली तपकिरी पँट ७००. तयार डेनिम किंवा काळी स्ट्रेट पँट ६०० पर्यंत. तीन कुर्ते आखूड करणं, एक बाही सैल करणं, लेस, सगळं मिळून ६००. स्कार्फ आणि कानातलं ३५०. मोसमाचा म्हणून एकच नवा वरचा कपडा, ५०० च्या आत. उरलेले अडीचशे हाताशी ठेवा, कारण शिंप्याकडून पहिल्या फेरीत सगळं बरोबर येईलच असं नाही. क्रम मात्र उलटा करू नका. आधी नवा कुर्ता घेतला की त्याला जुळणारी पँट शोधत बसावं लागतं आणि बजेट तिथेच संपतं.

मोसम संपल्यावर

पावसाळ्यात पँटवरचा चिखल ओला असताना चोळू नका, आत जातो. वाळू द्या, ब्रशने झाडा, मग धुवा. खळ घातलेले सुती कपडे तसेच ठेवले तर कसर लागते, म्हणून पावसाळ्याआधी ते साध्या पाण्यात धुवून, पूर्ण वाळवून घडी घाला. कडुलिंबाची वाळलेली पानं कापडी पुरचुंडीत ठेवा. डांबराच्या गोळ्या वापरत असाल तर त्या कपड्याला टेकू देऊ नका, डाग पडतात.

चौथ्या ढिगातलं काही फेकायच्या आधी कात्री घेऊन बसा. बटणं, चेन, हुक, चांगली लेस, काठ काढून डब्यात ठेवा, पुढच्या अल्टरला तेच लागतं. सुती कापडाची फडकी किंवा गोधडीचे तुकडे होतात. धड असलेल्या साड्या आणि पँटी बोहारणीला द्या. ती भाव करायला तयार असते, तुम्हीही असा, आणि निदान झाकण असलेला डबा मागा.